पाखऱ्याचा पोळा

अकोट, ९ ऑगस्ट २०२४

चि. गीतांजली अन् आमचे नातजावई कुंदनराव,

तुमाले एक आजी आहे. नाव चतुराबाई, मुक्काम अकोट, धंदा फुलांचा. डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्यानं मनात असन तेवढंच येते. ओळख पटली असन तर पुढचं वाचा. नसन पटली तर गाडी वळवा अन् येऊन तोंड पाहून जा.

फोन नको करू. फोनवर तुही नुसती कुरकुर ऐकू येते, अन् ठेवला की बोलणं हवेत गेलं. पत्र मी चार डाव वाचून घेते. शहाजादी आपलं शिलाईचं मशीन बंद करून लिहाले बसली आहे. ती लिहिन, फोटो काढन, तुह्या मोबाइलवर धाडन. तूही कागदावर लिहून तसंच धाड.

तुमच्या विसराळूपणावर माहा भरोसा नाही, म्हणून तुह्या बापाचं बोलणं पुन्हा एक डाव लिहून ठेवते. केशव ओट्यावर चार माणसांत म्हणाला, गीतानं आपली गाडी लडाखपर्यंत एकटीनं हाकायची अन् अकोटले परत आणायची. कुंदनरावांनी स्टिअरिंगले हात लावायचा नाही. रस्त्यात कोण्या दुसऱ्या गाडीले दोर बांधून ओढून आणावी लागली, तर खेळ खतम. नाही लागली, तर दसऱ्यापासून आपल्या फुलांची गाडी तिची. रोज सकाळी अमरावतीच्या मार्केटले माल तीच नेईन, किल्ली तिच्याच कमरेले. त्याले वाटून राहिलं, पोरगी इंदूरहून परत येते. मी त्याले म्हटलं, इंदूर तर माहेरच्या अंगणात आहे.

दुसरं. तुमच्या गाडीले नाव नाही हे बरं नाही. बिननावाचं जनावर घाटात अडते. माह्या बंडीच्या उजव्या बैलाचं नाव पाखऱ्या होतं. तेच देऊन टाकलं.

तुही आजी

(आजीनं डाव्या हाताचा अंगठा लावला आहे. फोटोत काळा डाग दिसन, तो तिचा आहे, माह्या मशीनच्या तेलाचा नाही. – शहाजादी)


जैसलमेर, १४ ऑगस्ट

प्रिय आजी,

ओळख पटली. शहाजादी चाचींना नमस्कार.

इंदूरहून परत आले नाही, हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. उदयपूर मागे पडलं, आता वाळवंटात आहोत. इथे सरकारनं वाळवंटाचंच मोठं उद्यान राखलं आहे. उद्यान म्हटल्यावर कुंदन झाडं शोधत होते. झाडं नाहीत, नुसतं गवत, मधेच वाळूचे ढीग, आणि उन्हात तरंगणारा रस्ता. दूरवर एक मोठा पक्षी मान ताठ करून चालत होता. गाइड म्हणाला, गोडावण. मला वाटतं हा आपला माळढोक.

एका ठिकाणी वाळू रस्त्यावर आली होती. पुढच्या दोन गाड्या थांबून होत्या. मी खाली उतरले, चाकांतली हवा थोडी कमी केली आणि पाखऱ्याला सावकाश पलीकडे काढलं. थांबलेल्या गाडीतल्या एका काकांनी कुंदनला विचारलं, ही ड्रायव्हर बाई तुम्ही कुठून आणली. कुंदन म्हणाले, अकोटवरून, हळद लावून.

त्यांचं काम तेवढंच आहे. लिंबू कापणं, पाणी देणं, वळणावर डोळे मिटून बसणं. अमरावतीत मंडप सजवताना वीस फूट शिडीवर उभा राहणारा माणूस घाटात मात्र माझी ओढणी धरून बसतो. त्यांनी हे लिहू नको म्हटलं होतं.

तुझी
गीता


अकोट, १८ ऑगस्ट

चि. गीता,

तुहं पत्र चार डाव वाचून घेतलं, पाचव्या वेळी शहाजादी म्हणाली की ब्लाउजाचं गिऱ्हाईक उभं आहे.

माळढोक पाहाले इतकं दूर जावं लागलं काय? माह्या लहानपणी आमच्या गावच्या माळावर फिरत. आम्ही त्याच्याकडे पाहतही नव्हतो, त्याले बिचाऱ्याले तेव्हाच राग आला असन अन् निघून गेला असन.

हळदीचं उत्तर मले आवडलं. जावई बोलाले बरा आहे. ओढणीचं कोणाले सांगणार नाही. मार्केटमधल्या बायांना तेवढं सांगितलं.

वाळू काढली ते बरं केलं, पण फुगून जाऊ नको. वाळू मऊ असते. पहाड मऊ नसते. चढावर गाडी उभी केली की चाकामागं दगड लावत जा, ब्रेकवर भरोसा ठेवू नको. मी बंडी हाकायची तेव्हा माह्याजवळ ब्रेक नव्हता, दगडच होता. अकोटच्या बाजारात फुलांच्या टोपल्या घेऊन बंडी आणणारी मी एकटी बाई. लोक दुकानातून उठून पाहाले येत. मी कोणाले पाहू दिलं नाही असं नाही. डोक्यावरचा पदर नीट करून आणखी हळू हाकायची.

केशव विचारत नाही. पण रोज संध्याकाळी शहाजादीच्या दारावरून दोन डाव जाते. तिथं त्याचं काही काम नाही. आता तो टेलरकडून शर्ट शिवून घेतो म्हणते, आयुष्यभर तयार शर्ट घालणारा माणूस.

आजी

(दगड लावाचं विसरू नको, ती मले तिसऱ्यांदा लिहाले सांगून राहिली. – श.)


लेह, २८ ऑगस्ट

प्रिय आजी,

आलो. पोहोचलो. लेहमध्ये आहोत.

शिमल्यात गाव उभं आहे, म्हणजे खरंच उभं, एकाच्या छपरावर दुसऱ्याचं अंगण. तिथे गाडी लावताना चाकामागे दगड ठेवला. बाजूची एक बाई हसली. रात्री पाऊस झाला, सकाळी तिची स्कूटर उतारावरून खाली जाऊन नळाला टेकली होती. पाखऱ्या जागेवर होता.

मनालीच्या पुढे झाडं संपली. मग डोंगर असे झाले की जणू कोणी आपल्या शेतातली काळी, तांबडी, पिवळी माती वेगवेगळी करून ढीग लावले आहेत. मध्ये एका खिंडीत श्वास लागत होता. कुंदनला उलटी झाली, मला रडू आलं. थकल्यामुळे नाही. वर पोहोचल्यावर गाडी बंद करून मी बोनेटवर हात ठेवला, तो गरम होता, आणि मला वाटलं की इथपर्यंत अकोटची एक मुलगी आली आहे. एवढंच वाटलं.

आता नुब्रा नावाच्या खोऱ्यात जायचं. तिथे डोंगरांच्या मधोमध पुन्हा वाळू आहे, थंड वाळू, आणि दोन वशिंडांचे उंट. बाबांना सांग, दोर अजून डिकीत तसाच गुंडाळलेला आहे.

गीता


अकोट, २९ ऑगस्ट

चि. गीता अन् कुंदनराव,

खिंडीवरचं वाचून झालं तेव्हा शहाजादीले तेवढंच पुन्हा एक डाव वाचाले लावलं. मग मी चहा ठेव म्हटलं. दुपारी मार्केटले गेली अन् ज्याले त्याले सांगितलं, माही नात आता ढगाच्या वर आहे. एकजण म्हणाला, विमानानं गेली काय. मी त्याच्याकडून झेंडू घेतलाच नाही.

आता कामाचं. सोमवारी पोळा आहे. तुमाले आठवण नसन, म्हणूनच सांगते. आपल्या घरी आता बैल नाही, यंदा पाखऱ्याच आपला बैल. त्यानं एवढी मेहनत केली, त्याचा पोळा चुकला तर मी तुमाले दारात घेणार नाही.

रविवारी संध्याकाळी त्याचे खांदे शेकायचे. तूप अन् हळद कालवून खांद्यावर चोळायची, जिथं वर्षभर जू बसते तिथं. त्याच्या कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. सोमवारी आंघोळ, ओवाळणं, पुरणाचा घास. अन् पोळ्याच्या दिवशी कामाले जुंपायचं नाही. किल्ली फिरवायची नाही, पुढे नाही, मागे नाही.

हे काम कुंदनरावांनी करायचं. जावई शिकलेला आहे, त्याले वाटन की बुढी काहीतरी बरळते. करायचं नसन तर तसं लिहा, मी वाईट वाटून घेणार नाही. चार दिवस जेवणार नाही तेवढंच.

आजी

(ती जेवल्याशिवाय राहत नाही, घाबरू नका. – श.)


लेह, ५ सप्टेंबर

तीर्थस्वरूप आजी,

शि. सा. न. वि. वि. गीतांजली जरा थकली आहे म्हणून मी लिहीत आहे.

आपल्या आज्ञेप्रमाणे पोळा यथासांग पार पडला. नुब्रा खोऱ्यातल्या हुंडर गावातली हवा अत्यंत निर्मळ आहे. डोंगर उंच आहेत. जर्दाळूची झाडं फार आहेत, घराच्या छपरांवर जर्दाळू वाळत घातलेले असतात. उंट पाहिले. येथील लोक प्रेमळ आहेत. जर्दाळू अतिशय गोड लागतात.

काल आम्ही सुखरूप लेहला परत आलो. खारदुंग ला नावाची अति उंच खिंड गीतांजलीनेच गाडी चालवून ओलांडली, तेव्हा वर बर्फ भुरभुरत होता. गाडी ठणठणीत आहे. काळजीचं काहीच कारण नाही. सासरेबुवांना सा. न.

आपला
कुंदन


अकोट, ६ सप्टेंबर

कुंदनराव,

पत्र मिळालं. हवेचं लिहिलं, डोंगराचं लिहिलं, जर्दाळूचं दोन डाव लिहिलं. पाखऱ्या पुरण काय जेवला ते नाही लिहिलं. काळजीचं कारण मी विचारलंच नव्हतं, तरी तुमी नाही म्हणून सांगितलं. मले अक्षर येत नाही, तरी एवढं समजते.

माह्या नातीचं बोट मोडलं असन तर दुसऱ्या हातानं लिहाले सांगा.

आजी


लेह, ८ सप्टेंबर

प्रिय आजी,

कुंदननं लिहिलं ते खरं आहे, पण अर्धंच.

तुझं पत्र लेहला मिळालं. कुंदननं ते माझ्याकडून काढून घेतलं आणि हुंडरला पोहोचेपर्यंत ते एकच विचार करत होते, गाडीचा खांदा कुठला. मी म्हटलं, बोनेटवर बाहेरून लावा आणि मोकळे व्हा. ते म्हणाले, आजीनं स्पष्ट सांगितलं आहे, जिथं जू बसते तिथं. ओझं इंजिन ओढतं, म्हणजे खांदा आत आहे. आम्ही जिथे उतरलो त्या घरच्या ताईंकडून लोणी घेतलं, कढवलं, माझी हळद त्यात कालवली, आणि रविवारी संध्याकाळी बोनेट उघडून त्यांनी आतून, हात घालून, प्रत्येक कोपऱ्याला लावलं. मग वाकून म्हणाले, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे म्हणताना ते हसले नाहीत, आजी. मी त्यांना आजवर देवासमोरही इतकं गंभीर पाहिलं नव्हतं. त्या ताईंनी विचारलं काय चाललं आहे. बैलाचा सण म्हटल्यावर त्यांनी आपल्या अंगणातली फुलं तोडून आणून दिली.

त्या उंचीवर हरभऱ्याची डाळ शिजता शिजत नाही. सोमवारी दुपारपर्यंत कुकर चालू होता. पहिली पोळी पाखऱ्याची म्हणून कुंदननं आत, बॅटरीवर ठेवली आणि बोनेट लावलं. किल्ली आम्ही फिरवली नाही. दिवसभर नाही, रात्रभर नाही.

मंगळवारी सकाळी फिरवली तर एक दिवा लागला आणि विझला. बोनेट उघडलं. पोळी गायब. सगळीकडे हळदीची एवढी एवढी पावलं उमटली होती, दिवाळीला आपण उंबऱ्यात काढतो तशी. उंदीर. पोळी खाल्ली, तूप चाटलं, आणि तूप लागलेल्या वायरीही कुरतडल्या.

हुंडरला मेकॅनिक नाही. दिस्कित नावाचं गाव लेहच्या वाटेवर थोडं मागे आहे, तिथे आहे असं कळलं. भाजीचा एक ट्रक तिकडे जात होता. ड्रायव्हर म्हणाला, बांधा, नेतो. कुंदन मला बाजूला घेऊन म्हणाले, इथे अकोटचं कोणी नाही, कोण सांगणार आहे. मी डिकीतून दोर काढला. गाठ मीच मारली. दिस्कितपर्यंत त्या ट्रकची धूळ डोळ्यांत घेत मी स्टिअरिंग धरून मागे मागे गेले.

मेकॅनिक लेहला गेलेला. दुकानातून वायर आणि पट्टी घेतली, रंगाला रंग जुळवत बसले. कुंदन टॉर्च धरून होते, सारखे म्हणत होते, हात मी लावला, तूप मी लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी सुरू झाली. मग खारदुंग लाची खिंड मी ओलांडली, ते खरं आहे. बर्फही खरा आहे.

पण दोर लागला. बाबांना सांग, मी हरले. फुलांच्या गाडीसाठी त्यांनी दुसरा माणूस पाहावा, दसरा जवळ येतो आहे. मी परत येईन ती पाखऱ्या हाकतच येईन, पण किल्ली मागणार नाही.

कुंदनवर रागावू नको. त्यांनी लपवलं कारण त्यांना वाटतं की त्यांच्या हातानं माझी किल्ली गेली.

गीता


अकोट, ११ सप्टेंबर

चि. गीता,

हे अक्षर कोणाचं आहे ते ओळख पाहू. तिरपं अन् दाटीवाटीचं, फुलांच्या चिठ्ठीवर असते तसं. शहाजादी घरीच आहे, तिची तब्येत चांगली आहे, मशीन चालू आहे. पण आज मी मुद्दाम दुसरा कारकून बसवला. मी सांगून राहिली अन् तुहा बाप लिहून राहिला.

तुहं पत्र आलं तेव्हा शहाजादी माह्या कानाशी वाचत होती अन् केशव दारात बसून झेंडू निवडत होता, ऐकत नसल्यासारखा. उंदरायच्या पावलांपर्यंत आलं तेव्हा त्याले हसू आलं, मी पाहिलं. ट्रकवाल्याचं आलं तेव्हा त्यानं निवडलेला अन् न निवडलेला झेंडू एकात केला. दोराचं आलं तेव्हा उठून वावरात गेला. संध्याकाळी आला, जेवला अन् झोपला. आज सकाळी म्हणतो, शर्त ती शर्त. मी म्हटलं, बरोबर आहे, कागद घे, आपण तिले तसंच कळवू.

तर केशवराव, लिहा.

पाखऱ्याले उंदीर लागले त्यात पोरीचा दोष नाही. तुपाचं मी सांगितलं होतं. खांदा कुठं असते ते सांगाचं मी विसरली. यात विसरली मी, याची तुमी नोंद घ्या, पुन्हा अशी संधी येणार नाही. अन् कुंदनराव, तुमी चुकीच्या जागी लावलं, पण मनापासून लावलं. आमच्या घरात बैलाचे खांदे असे आतून कोणी शेकले नव्हते. मी मार्केटमध्ये सांगितलं. आधी हसले, मग एक म्हातारा माळी म्हणाला की असा जावई मलेही पाहिजे होता. मी म्हटलं, तो एकच होता, आमी नेला.

आता पुढचं लिहा. गेल्या भादव्यात पोपटखेडच्या रस्त्याले नाल्यात आपली फुलांची गाडी फसली होती. गाडी कोण हाकत होतं? लिहा, केशवराव हाकत होते. शहाजादीच्या नवऱ्यानं, अब्दुल गफ्फारनं, आपली बैलजोडी आणली, दोर बांधला अन् ओढून काढली. पेन काहून थांबला? ओढून काढली, असं लिहा. घरी येऊन केशवरावांनी काय सांगितलं? सांगितलं, मार्केटले गर्दी होती. चिखल मुंडाशापर्यंत होता, गर्दीत एवढा चिखल लागत नाही. गफ्फारनं मले दुसऱ्याच दिवशी सांगितलं. मी वर्षभर पोटात ठेवलं, कधी कामी येईन म्हणून.

त्यानंतर तुह्या बापानं गाडी हाकणं सोडलं काय? नाही. किल्ली कोणाले देऊन टाकली काय? नाही. अन् तू तर सात समुद्रांपलीकडे असल्यासारखी होती, विचारणारं कोणी नव्हतं, तरी आपल्या तोंडानं सांगितलं.

अन् हेही लिहा. हा माणूस शाळेत कसा जात होता? फुलांच्या टोपल्यांवर बसून, बाईनं हाकलेल्या बंडीत. तेव्हा त्यानं शर्त लावली नव्हती.

थांब, पान लावते.

गीता, आई पान लावते आहे तेवढ्यात लिहितो. तिला वाचता येत नाही, म्हणून हिंमत करतो. तुझं खिंडीवरचं पत्र शहाजादीकडून मागून घेतलं होतं, शर्टाच्या खिशात आहे. मोबाइलमधला फोटो तिनं दुकानातून कागदावर काढून दिला. मार्केटमध्ये तीन जणांना दाखवला. नाल्याचं आईनं सांगितलं ते खरं आहे. दोर लागला, हे तू सांगितलंस. मी सांगितलं नव्हतं. फुलांची गाडी अशाच माणसाच्या हाती द्यावी जो रस्त्यात काय झालं ते घरी येऊन खरं सांगतो. किल्ली देव्हाऱ्याजवळच्या खुंटीला टांगली आहे. दुसरा माणूस पाहत नाही. सावकाश ये. उतारावर चाकामागे दगड लावत जा.

काय लिहिलं रे इतकं? केशव म्हणतो, तारीख टाकली. तारखेले डोळे पुसावे लागतात हे मले माहीत नव्हतं.

असो. कारकुनाचा हात दुखला असन, आता शेवटचं. कुंदनरावांनी ज्या जर्दाळूचं दोन डाव लिहिलं, ते वाळवलेले दोन किलो पाठवा, अर्धे शहाजादीकडे जातीन. गोड बियाचे पाहून घ्या, कडू बियाचे आले तर परत धाडीन. पण गाडीत घालून आणू नका. पोस्टानं पाठवा. पाखऱ्यात अजून तुपाचा वास असन, अन् उंदीर तुमच्यासारखे विसराळू नसतात.

आजी